दुसऱ्या हाकेनंतर

१

घरात तिला चिमणी म्हणत. पन्नाशी उलटली, केस पिकले, अंग चांगलं भरलं, तरी चिमणीच. लहानपणी चिकटलेल्या नावाचं असंच असतं, माणूस वाढतो, नाव काही वाढत नाही.

चिमणीचं काम वाचायचं. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्याने वाचायची आणि ती यंत्रात भरून ठेवायची. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, त्यासाठी एक खोली केलेली होती. भिंतींना आवाज पिणारा जाड लोकरी नमदा, दाराला रबराची किनार, एक टेबल, एक दिवा, आणि समोर काच. काचेपलीकडे कानावर ते मोठे डबे चढवून बसायचा तो यंत्रवाला. सगळे त्याला कानसेन म्हणायचे, आणि ते नाव त्यानेच स्वतःला ठेवलं होतं. "तानसेन व्हायचं नशिबात नव्हतं, ताई," तो म्हणायचा, "मग म्हटलं, निदान ऐकावं तरी नीट."

ऐकायचाही तसाच. त्याच्या कानापायी चिमणी कामाला निघताना बांगड्या काढून ठेवायची. कडक इस्त्रीचे कपडे घालायची नाही, ते सळसळतात. पोट भरून जायची, कारण रिकामं पोट ऐन वाचनात गुरगुरतं, आणि मग कानसेन काचेतून विचारतो, "ताई, राजाच्या दरबारात वाघ कुठून शिरला?" वाचायला बसण्याआधी आंबट सफरचंदाची एक फोड चावायची, म्हणजे तोंड चिकट वाजत नाही.

आणि सगळ्यात आधी, रोज, दोघांनी गप्प बसायचं. थोडा वेळ नुसती खोली भरून घ्यायची यंत्रात. कानसेनचं म्हणणं, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि वाचनातली भोकं त्याच शांततेने बुजवावी लागतात. दुसऱ्या खोलीची आणलीत तर ठिगळ दिसतं. "आधी खोलीला बोलू द्या," तो म्हणायचा. चिमणी श्वास आवरून बसायची. असं बरीच वर्षं चाललं होतं, आणि त्यात भ्यायचं काही नव्हतं.

तेव्हा ती राजाचं पुस्तक वाचत होती. पुस्तकाला नाव होतं, पण तिच्या घरात ते राजाचं पुस्तकच. तीन जाडजूड भाग. जुना राजा, त्याचे चिलखतातले शिलेदार, रागीट जादूगार, किल्ले, पैजा, शाप, हरवलेली खड्गं. दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, लहानपणी तिला ते वाचून दाखवलं होतं, इतक्या वेळा की पानांचे कोपरे झिजून गोल झाले. पुढे दादा घड्याळं दुरुस्त करायला लागला, आयुष्यभर बारीक चाकांत डोळे घातले, आणि म्हातारपणी डोळ्यांनी त्याला सोडलं. लग्न दोघांनीही केलं नाही. बहीणभाऊ एकाच घरात राहायचे आणि रोज भांडायचे.

ते पुस्तक यंत्रात कोणीच वाचून ठेवलं नव्हतं. चिमणीने दोन भाग पुरे केले. तिसरा चालू असताना घशात गाठ निघाली.

"आवाज परत येईल ना?" तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"येईल," बाई म्हणाल्या. "पण हाच येईल, असं मी लिहून देणार नाही."

शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात. तिसरा भाग अर्धा शिल्लक. दादाला ते पुस्तक चिमणीच्या तोंडून पुरं ऐकायचं होतं, आणि चिमणीलाही दुसऱ्या कुणाच्या तोंडी ते द्यायचं नव्हतं. घोडं तिथे अडलं होतं.

२

त्या दिवशी थंडीतल्या शिलेदाराचं प्रकरण आलं. छोटं आहे, जेमतेम चार पानं. राजाचा एक शिलेदार भर हिवाळ्यात निरोप घेऊन जातो आणि परत येत नाही. मग एका संध्याकाळी किल्ल्याच्या दारावर थाप पडते. जादूगाराने दरवानाला आधीच सांगून ठेवलेलं असतं: जिवंत माणूस पहिल्या हाकेला आत येतो, दमलेला दुसऱ्या हाकेला येतो, तिसरी हाक मारू नकोस. दरवान एकदा हाक मारतो, कोणी येत नाही. दुसऱ्यांदा मारतो, कोणी येत नाही. मग तो दार ओढून घेतो, अडसर घालतो, आणि दाराला पाठ लावून रडत बसतो. संपलं. पुढच्या प्रकरणात वसंत येतो आणि राजा शिकारीला जातो, जसं काही घडलंच नाही.

लहानपणी चिमणी या चार पानांना फार भ्यायची. आता तिला त्यांचं कौतुक वाटायचं, कारण लिहिणाऱ्याने एकही शब्द वाया घालवलेला नाही.

पहिली हाक छान निघाली. "ये, आत ये," दरवान म्हणाला. चिमणीने आवाज जरा थरथरता ठेवला होता. मग दुसरी हाक.

कानसेनने हात वर केला. "ताई, पुन्हा. काहीतरी ठोकलं गेलं."

"मी हललेसुद्धा नाही."

"ठोकलं गेलं. पाय लागला असेल टेबलाला."

तिथली रीत अशी, की चूक झाली की कानसेन यंत्र मागे न्यायचा, मागचं वाक्य तिच्या कानात ऐकवायचा, आणि त्याचं शेपूट धरून तिने पुढे निघायचं. तसं केलं. "ये, आत ये."

"पुन्हा ठोकलं."

तिने पाय खुर्चीवर घेतले, अगदी मांडी घालून बसली. "ये, आत ये."

"पुन्हा, ताई."

आता तळपायाची आग मस्तकात जायला लागली. तिला आत काही ऐकू येत नव्हतं, आणि हा बाबा काचेपलीकडून मान हलवत होता. त्याने तारा तपासल्या. जिन्यावर कोणी चालतंय का ते बघून आला. वरच्या मजल्यावर पुस्तकं लावणाऱ्या बाईंना जरा थांबा म्हणून सांगून आला. त्या म्हणाल्या, मी तर मघापासून चहा पीत बसलेय. मग त्याने तिलाच ऐकवलं. खरंच होतं. तिच्या शब्दांच्या लगेच मागे, दूरवर, लाकडावर लोखंड आपटावं तसं. एकदाच. घाई नसलेलं.

"पाण्याचे नळ असतील भिंतीत," चिमणी म्हणाली.

"नळ तुमचं बोलणं संपेपर्यंत थांबतात होय?"

"मग तूच सांग काय ते! माझा घसा इथे चुलीत चाललाय आणि तू कोडी घालतोस!"

तो ओशाळला. पुन्हा वाचलं. पुन्हा ठोका. पुन्हा वाचलं. ती हाक किती वेळा मारली याचा हिशोब राहिला नाही. शब्द चघळून चघळून चोथा झाला, अर्थ उडून गेला, नुसता चिडका आवाज उरला. शेवटी शेवटी तर तिने दात खाऊनच म्हटलं, "ये, आत ये!" ये बाबा एकदाचा, आणि सोड मला.

कानसेनने अंगठा वर केला. चेहरा उजळला त्याचा.

"साफ! घेतलं, ताई. आता ठोकत नाहीये कोणी."

चिमणीने पाणी प्यायलं, पान सरळ केलं आणि पुढचं वाक्य वाचायला तोंड उघडलं. तेवढ्यात वीज गेली.

३

दादाला धीर नव्हता. कानसेन सगळं साफसूफ करून, ठिगळं लावून चांगली प्रत द्यायचा, पण दादा म्हणायचा, मला कच्चंच आण. म्हणून चिमणी रोज संध्याकाळी त्या दिवसाचं कच्चं वाचन छोट्या यंत्रात घालून न्यायची. चुका, खोकले, "अगं बाई", सगळ्यासकट. दादाला त्यातच मजा. तिच्या चुकांवर तो दिलखुलास हसायचा.

त्या संध्याकाळी तो हसला नाही.

चिमणी स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. बाहेरच्या खोलीतून तिचाच आवाज येत होता: ये, आत ये. ये, आत ये. ये, आत ये. मग बंद झाला.

"चिमणे."

"काय?"

"इकडे ये."

"हात ओले आहेत, तिथूनच बोल."

"तिसऱ्यांदा हाक का मारलीस?"

ती दारात येऊन उभी राहिली. दादा त्याच्या खुर्चीत ताठ बसला होता. "अरे, ठोका येत होता. कानसेन ऐकतोय का? परत परत वाचून घेतलं. नाकी नऊ आणले मेल्याने."

"दोनदाच आहे पुस्तकात."

"पुस्तकात दोनदाच आहे. मी काय पुस्तक बदललं? तो गाळेल बाकीच्या."

"तो काय गाळायचं ते गाळेल. तू मारलीस ना पण?"

चिमणीला हसू फुटलं. "दादा, तू पासष्टीच्या पुढचा आहेस. घड्याळातलं चाक न चाक ओळखायचास, आणि आता गोष्टीतल्या भुताला भितोस?"

"भीत नाही," दादा म्हणाला. "बरं, दार लावलंस का?"

तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. "लावलंय की."

"ते नाही गं. पुढचं वाक्य. दरवानाने अडसर घातला, ते वाक्य. यंत्रात नाहीये ते."

"वीज गेली."

 दादा बोटांनी खुर्चीच्या हातावर टकटक करत राहिला, घड्याळ ऐकताना करायचा तसं.

"उद्या गेल्यागेल्या ते वाक्य वाच," तो म्हणाला. "बाकी राहू दे. आधी ते."

"वाचते, बाबा, वाचते. राजाची आज्ञा!"

पण भाजी फोडणीला टाकताना तिला उगीचच वाटलं, की आपण हाक नुसती वाचली नव्हती. शेवटची तर नाहीच. ती मनापासून मारली होती. रागाने असेल, पण मनापासून.

मग तिने स्वतःलाच झापलं. घशाची काळजी, दुसरं काय! माणूस दमला की सावलीशीसुद्धा भांडतो.

४

सकाळी दोघं गप्प बसली. कानसेनने खोली भरून घेतली. भरून घेतली आणि कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा भरून घेतली. मग कालची शांतता लावून पाहिली, मग आजची.

"काय झालं?" चिमणीने विचारलं.

"जुळत नाही."

"शांतता जुळत नाही?"

"हसू नका. माणसाचं अंग आवाज पितं, ताई. रिकामी खोली वेगळी वाजते, एक माणूस बसला की वेगळी, दोन बसले की आणखी वेगळी. तुम्ही आत आहात, म्हणजे एकाची शांतता यायला हवी." तो काचेला नाक लावून खोलीचे कोपरे बघू लागला. "आत एकट्याच आहात ना तुम्ही?"

"नाही, दरबार भरवलाय."

"मी सहज विचारलं."

चिमणीने मागे वळून पाहिलं नाही. का पाहायचं? खोली हाताएवढी. टेबल, दिवा, ती. मागे नमद्याची भिंत, आणि भिंतीत आणि तिच्यात एवढीशी जागा. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, ती म्हणजे वास. पावसात राहिलेल्या सायकलीला येतो तसा, ओल्या लोखंडाचा. टेबलाचे पाय लोखंडी होते. असेल, म्हटलं, जुनं झालंय सगळं, गंजलं असेल.

"चल," ती म्हणाली. "त्या दरवानाला एकदाचं दार लावू दे."

वाक्य सोपं होतं. दरवानाने दार ओढून घेतलं आणि अडसर घातला. पोरसुद्धा न अडखळता वाचेल. तिने वाचलं, छान वाचलं, आणि कानसेनकडे बघितलं.

कानसेन वाट बघत होता. "हं, ताई. वाचा."

"वाचलं की."

"कधी?"

"आत्ता! झोपलास का?"

त्याने यंत्र मागे नेऊन तिला ऐकवलं. कालची हाक होती, तिने घेतलेला पाण्याचा घोट होता, आज पान सरळ केल्याचा आवाज होता, आणि पुढे काहीच नव्हतं. खोलीची शांतता होती. ते वाक्य वाचायला तिला जेवढा वेळ लागला तेवढीच, मापून कापल्यासारखी.

"तार सुटली असेल," ती म्हणाली.

"तार सुटली तर पानाचा आवाज कसा आला?"

त्याने सगळं बदललं. माईक बदलला, तार बदलली, यंत्र बंद करून चालू केलं, स्वतः आत येऊन तिच्या खुर्चीत बसून तेच वाक्य म्हणून पाहिलं. त्याचं आलं, नीट आलं. तिचं येईना. ती दरवानाचं वाक्य सोडून दुसरं काहीही बोलली की यंत्रात यायचं. तिचं चिडणं आलं, "काय कटकट आहे" आलं, खोकला आला. अडसर तेवढा आला नाही.

चिमणी रडकुंडीला आली. भीतीने नव्हे हो, वैतागाने. ज्याला वेळ नाही त्याच्याच वाटेत देव असा दगड का टाकतो? अर्धा भाग शिल्लक, आठवडा सरत आलेला, आणि ती एका ओळीपाशी पालथ्या घड्यावर पाणी ओतत बसलेली. तिने पुस्तकावर मूठ आपटली.

"तुझं म्हणणं काय आहे? मी वाचलंच नाही? मला वेड लागलंय?"

"नाही, ताई." कानसेनने कानावरचे डबे खाली काढले. तो हळू बोलत होता. "नंतर प्रत्येक वेळी मी काचेतून बघत होतो. तुमचे ओठ हलत होते. नीट, प्रत्येक शब्दाला. पण मला आवाज यंत्रातून नाही आला, आणि काचेतूनही नाही आला."

५

घरी गेल्यावर तिने दादाला सांगितलं, वाक्य झालं. झालं नव्हतं, पण म्हातारा रात्रभर बोटं टकटक करत बसला असता.

"ऐकव," दादा म्हणाला.

"यंत्र विसरले तिथेच."

"मग तोंडाने म्हण."

"दादा, घसा दुखतोय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय घरी बोलू नका."

दादाने तोंड फिरवलं. लहानपणापासून तिचं खोटं त्याला कळायचं. कळलं तरी तो बोलायचा नाही, आणि ते जास्त लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरवलं, ते प्रकरण बाजूला ठेवायचं. दरवान गेला खड्ड्यात. पुढचं वाचायचं, वसंत, राजाची शिकार, जेवढं होईल तेवढं. कानसेनही तयार होता. दोघं गप्प बसली, त्याने खोली भरून घेतली, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला.

"आज जुळली!" तो म्हणाला. "पहिल्यासारखी. एका माणसाची. कालचं जे काय होतं ते गेलं."

"कुठे गेलं?"

"गेलं ना, ताई, ते महत्त्वाचं. नळच असणार तुम्ही म्हणालात तसे."

वासही नव्हता. चिमणीने पान उलटलं. वसंताची पहिली ओळ तिला फार आवडायची. लहानपणी दादा ती वाचताना खिडकी उघडायचा. तिने श्वास घेतला आणि सुरुवात केली.

कानसेनचा अंगठा वर गेलाच नाही. तिलाही आपला आवाज ऐकू आला नाही. नुसती हवा सुटली तोंडातून, फुग्यातून सुटते तशी. तिने खाकरून पाहिलं. पाणी प्यायलं. पुन्हा तोंड उघडलं. हवा. घसा दुखत नव्हता, बसला नव्हता, काही नव्हतं. जिथे आवाज असायचा तिथे तो नव्हता, एवढंच. खिशात हात घालावा आणि किल्ली नसावी, तसं.

कानसेन धावत आत आला. "ताई, राहू द्या. घरी जा. ताण आलाय. शस्त्रक्रियेनंतर बघू, यंत्र काही पळून जात नाही."

ती हातांनी खुणा करत होती, रागाने, अजून एकदा, अजून एकदा. त्याने पुस्तक मिटलं, तिच्या काखेत दिलं, आणि म्हणाला, "भाऊंना मी फोन करून सांगतो, की तुम्ही येताय."

त्याने तिच्यासमोरच फोन लावला. बोलता बोलता त्याच्या भुवया वर गेल्या. फोन ठेवून तो हसला, पण हसू जरा अर्धंच राहिलं.

"भाऊ म्हणतात, काय चेष्टा लावलीय? चिमणी मघाशीच घरी आली."

६

भर दुपार होती. रस्त्यावर दुकानं उघडी, माणसं भाव करत होती, कोणीतरी गाडी मागे घेत होतं. चिमणी धावत नव्हती. वय आणि वजन धावू देत नव्हतं. पण थांबतही नव्हती. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत छाती फुटायला आली.

कुलूप उघडून तिने दार लोटलं आणि सवयीने उंबऱ्याबाहेरच चप्पल काढायला वाकली. एक चप्पल निघाली. मान वर करून तिने आत पाहिलं.

त्यांची बाहेरची खोली चिंचोळी. दादाची खुर्ची भिंतीला, समोर खिडकीपाशी वेताची दुसरी खुर्ची, चिमणीची. मधून जायचं तर दादाला पाय जवळ घ्यावे लागतात.

दादाने पाय जवळ घेतले.

कोणी दिसत नव्हतं. खिडकीतून ऊन आलं होतं, उन्हात धूळ तरंगत होती, आणि दादा, तोंड वर करून, कोणीतरी पुढ्यातून पलीकडे जाईपर्यंत माणूस थांबतो तसा थांबला होता. मग त्याने पाय पुन्हा पसरले, खुर्चीच्या हातावर टकटक सुरू केली.

"किती फेऱ्या घालशील?" तो म्हणाला. "बस आता."

वेताची खुर्ची करकरली. चिमणी बसते तेव्हा ती एवढी करकरत नसे. खुर्चीचा वेत मधोमध हळूहळू खाली गेला, फार जड काहीतरी बेताने टेकावं तसा, आणि तिथेच राहिला. जमिनीवर, खुर्चीच्या पुढे, पाण्याचे दोन डाग होते, आणि ते पसरत होते.

दादा! चिमणी ओरडली. म्हणजे तिला वाटलं ती ओरडली.

"दारातून वारा येतोय गं," दादा म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता, खुर्चीकडे तोंड करून बोलत होता. "दार उघडंच टाकलंस वाटतं. बरं, तू बोलू नकोस, घशाला ताण. ते वाक्य तू वाचलं नाहीस, मला माहीत आहे. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. मीच म्हणतो आता. पाठ आहे मला."

ओठ हलत होते चिमणीचे. प्रत्येक शब्दाला, नीट. थांब, दादा. आता नको. आत्ता नको. ते आत आहे. पण ओठ बघायला समोर डोळस माणूस नव्हता.

दादाने घसा साफ केला. मग तो लहानपणीच्या त्याच आवाजात म्हणाला, जरा नाटकी, जरा प्रेमळ:

"दरवानाने दार ओढून घेतलं आणि अडसर घातला."

दार चिमणीच्या हातातून निसटलं. वाऱ्याने आपटतं तसं नाही. सावकाश, कोणीतरी आतून ओढून घ्यावं तसं. आणि आतली कडी सरकली.

७

किल्ली कडीपुढे काय करणार! चिमणीने दोन्ही हातांनी दार ठोकलं. तळव्याने ठोकलं, मुठीने ठोकलं, काखेतल्या पुस्तकाच्या कडेने ठोकलं.

आत दादाची टकटक थांबली.

"कोण आहे?" त्याचा आवाज आला. "कोण? या, आत या."

तिने पुन्हा ठोकलं. कडी उघड, दादा. ऊठ आणि कडी उघड.

"या, आत या!"

ती थांबली, दाराला कान लावून. आत कोणीतरी बोललं. आवाज स्वच्छ होता, भरलेला, न दमलेला. गाठीच्या आधीचा, कितीतरी वर्षांपूर्वीचा. चिमणीने तो कानात रोज ऐकला होता. तो तिचाच होता.

"झालं, दादा. दोनदा मारलीस ना हाक? बस. आता पुढचं ऐक."

आणि वाचन सुरू झालं. वसंताचं प्रकरण. पहिल्या ओळीला दादाने "वा!" म्हटलं.

वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई पिशवी घेऊन जिना चढत होत्या. त्या थांबल्या, चिमणीच्या पायातल्या एका चपलेकडे पाहिलं, घामेजलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"काय हो, ताई, कडी लावून बसले का भाऊ? आणि काय हे, घसा गेला की काय पार?" चिमणी हातवारे करत होती, दाराकडे, गळ्याकडे, पुन्हा दाराकडे. बाईंनी दाराजवळ कान नेला, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. "अच्छा, तुमचं वाचन लावून बसलेत! मग कसलं ऐकू येतंय त्यांना. पण काय वाचता हो तुम्ही. राहवत नाही उभं राहिल्याशिवाय. जरा दम धरा, संपलं की उघडतील."

चिमणीने त्यांचा हात धरला. बाईंनी तो थोपटला, सोडवून घेतला, आणि "दूध नासेल माझं" म्हणत वर गेल्या.

आत राजा शिकारीला निघाला होता. वाचणारी कुठे अडखळत नव्हती, कुठे श्वास चुकत नव्हता. जिथे दोघं बहीणभाऊ लहानपणी नेहमी हसायची, त्या जागेपाशी ती क्षणभर थांबली, आणि दादा हसला. मग आत पान उलटल्याचा आवाज आला.

पुस्तक चिमणीच्या हातात होतं.